रजेची तारीख

वडूज
८ एप्रिल १९७४

बापू,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने देत बसत नाही. तुमच्या घरी माझं पत्र चहाच्या वेळी सगळ्यांदेखत मोठ्याने वाचलं जातं आणि मामा मध्ये मध्ये हुंकार भरतात, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून मामांना आधी नमस्कार. मामा, बिडी सोडा. भाचीचं ऐकत नसाल तर निदान डॉक्टरणीचं ऐका.

आता कामाचं. येत्या गुरुवारी साळूबाई नावाची एक बाई तुझ्या दवाखान्यात येईल, बरोबर तिची सासू रंगूबाई. इथून दोन कोसांवरचं फौजी गाव, घरटी एक माणूस पलटणीत. साळूचा नवरा आकाराम सीमेवर आहे. पोर तेविशीची, अंगाने काटकी. लहानपणी सांधे धरले होते, त्यात हृदयाची झडप गेली. पहिल्या खेपेला पायावर सूज, धाप, ओठ निळे, अशी माझ्या खाटेवर पडली होती. मूल मेलेलं आलं आणि ती कशीबशी उठली. आता पुन्हा दिवस गेलेत. ही खेप तिला पुरी होऊ देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे वाचून तू खुर्चीतून पडशील. वीस वर्षं इथे दवाखाना चालवते, पण गर्भ पाडायला मी आजवर कुणाला पाठवलेलं नाही. बहात्तर साली कायदा लागू झाला तेव्हा तू सांगलीत सभा गाजवत होतास आणि मी तुला लिहिलं होतं, की माझ्या खाटा पोरं जन्माला घालायला आहेत, माझ्या हातून हे होणार नाही. ते मी मागे घेत नाही. तरी या पोरीसाठी पदर पसरते.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. रंगूबाईला मी 'हृदय मोठ्या डॉक्टरला दाखवून आणा' एवढंच सांगितलंय. तिला बाहेर बसव आणि साळूशी एकटीशी बोल. आणि किती महिने झाले हे सासू सांगेल त्यावर जाऊ नकोस, तुझ्या हाताला काय लागतं त्यावर जा. याहून जास्त पत्रात लिहिता येत नाही. मी स्वतःच आले असते, पण गोवराची साथ आहे आणि माझ्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नाही.

वत्सलाक्का


सांगली
१४ एप्रिल १९७४

ती. अक्का,

आबांनी तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि दोन्ही वेळा बिडी पेटवूनच ऐकलं. मी मात्र पाकिटावरचा शिक्का पुन्हा पाहिला, खरंच वडूजचं आहे ना. आमच्या अक्काने गर्भपातासाठी बाई पाठवली, हे मी भिंतीवर लिहून ठेवणार आहे.

चेष्टा पुरे. साळूबाईला तपासलं. वाईट वाटून घेऊ नकोस, मी तिला परत पाठवलं. झडपेचं तुझं निदान बरोबर आहे. पण आकाराम दिवाळीला रजेवर आला होता आणि तुळशीचं लग्न लागलं की लगेच परत गेला, तो अजून घरी आलेला नाही. म्हणजे पाच महिने कधीच उलटले. कायद्याची हद्द वीस आठवडे. तिच्यापुढे मला हात लावता येत नाही.

तू लिहिलं होतंस म्हणून हातानेही नीट बघितलं. गर्भ चार महिन्यांच्या वर वाटत नाही, हे खरं. पण अशा हृदयाची बाई, त्यात दुष्काळाची दोन वर्षं काढलेली, तिचं मूल खुरटणारच. तारखेचं म्हणशील तर फौजीच्या बायकोला आम्ही पाळीची तारीख विचारतच नाही. रजा कधी होती ते विचारतो. बाई चुकेल, पलटणीचा हुकूम चुकत नाही. माझ्या सरांनी मला हे शिकवलं आणि आजवर मी कधी फसलो नाही. केसपेपरवर तसंच लिहिलं आहे.

सासूला बाहेर बसव म्हणालीस, पण म्हातारी हटायलाच तयार नव्हती. आणि खरं सांगू का, मला आडून काही करायला आवडत नाही. मी तिच्यासमोरच विचारलं, सुनेचा गर्भ काढायचा विचार आहे का. म्हातारी हबकली. मी तिला समजावलं, की आता ते होत नाही, घाबरू नका, सुनेला विश्रांती द्या, मीठ कमी करा, सातव्यात माझ्याकडे आणा, मी स्वतः बाळंतपण करीन. जाताना माझ्या पाया पडून गेली. साळूबाई काहीच बोलली नाही. मी काही विचारलं की सासूच उत्तर देई.

तुला वाटेल मीही इतरांसारखाच. तसं नाही गं. इथे एकजण बाईने आधी नसबंदीला अंगठा दिल्याशिवाय तिला टेबलावर घेत नाही. दुसऱ्याला नवऱ्याची सही लागते, कायदा मागत नसला तरी. तिसरे एक आहेत, ते कायद्याआधी मागच्या दाराने हेच करायचे आणि आता कायदा आल्यावर देवधर्माचं बोलतात. मी यातलं काही करत नाही. कायद्यात बसतं ते उजळ माथ्याने करतो, बसत नाही ते करत नाही. दवाखान्याला परवानगी मिळवायला किती जोडे झिजवले ते तुला माहीत आहे.

माणसं मात्र चांगली आहेत. साळूबाईचा थोरला दीर नाथाजी त्यांना जीपने घेऊन आला होता. तासगावची द्राक्षं घेऊन आला, बाहेर बाकावर शांत बसून राहिला, भावजयीला जपून उतरवून घेतलं. भाऊ फौजेत असताना असा दीर घरात असणं म्हणजे त्या पोरीचं भाग्यच.

तुझा,
बापू


वडूज
१७ एप्रिल १९७४

बापू,

हे पत्र आमचा कंपाउंडर हरिबा घेऊन येतोय. तो ते तुझ्याच हातात देईल. दार लावून एकट्याने वाच आणि वाचून झालं की जाळून टाक.

साळूच्या पोटातलं मूल आकारामचं नाही. ज्याची द्राक्षं तू खाल्लीस त्या नाथाजीचं आहे. त्याची बायको मागेच वारली. पौषात रंगूबाई पालीच्या खंडोबाच्या जत्रेला गेली आणि घरात हे दोघंच राहिले. पुढचं तुला मी अक्षरं गिरवून सांगायला नको. साळू ओरडली असती तर शेजारची आली असती आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाने तिलाच विचारलं असतं, म्हणून ती ओरडली नाही. तिने मला हे पडद्याआड सांगितलं आणि माझा हात आपल्या मंगळसूत्रावर ठेवून शपथ घातली. ती शपथ मी आज मोडतेय. तुझ्या घरात चहाच्या कपाबरोबर पत्र वाचलं जातं, म्हणून आधी लिहिलं नाही. तुझ्या हातावर माझा भरवसा होता.

चौथाच महिना आहे, बापू. तुझ्या हाताला बरोबर लागलं होतं. तुझ्या हाताला कळलं आणि तू ऐकलंस सासूचं. मूल खुरटलंय म्हणे. अरे, ते खुरटलेलं नाही, ते उशिरा राहिलेलं आहे, आणि आता रंगूबाई बोटं मोजत बसली आहे. जेव्हा तिच्या मोजणीप्रमाणे पोर बाळंत होणार नाही, तेव्हा त्या घरात काय होईल याचा विचार कर. पलटणीचा हुकूम चुकत नाही म्हणतोस. फौजी हुकमाने येतो आणि हुकमाने जातो, पण घरी राहिलेल्याला कुणाचा हुकूम लागत नाही.

आणि तू सासूसमोर तोंड उघडलंस त्याचं फळही ऐक. रंगूबाई माझ्या दारात येऊन मला नाही नाही ते बोलून गेली. मी तिचा वंश बुडवायला निघाले होते, असं तिचं म्हणणं. साळूला आता माझ्याकडे पाठवत नाहीत. सुदैवाने ती गावच्या जत्रेसाठी माहेरी जाणार आहे आणि तिचं माहेर माझ्या वाटेवर आहे. तिथून मी तिला एस.टी.त घालून स्वतः तुझ्याकडे आणते. तुझा तो कायदा मी काल पहिल्यांदा नीट वाचला. जबरदस्तीने राहिलेला गर्भ म्हणजे बाईच्या मनाला मोठी इजा, असं त्यातच लिहिलंय. बाई जाणती असेल तर तिच्या एकटीच्या होकारावर भागतं, हेही लिहिलंय. मला हे काम आवडत नाही आणि तरी मी तुला कायदा दाखवतेय, यावर नंतर हस हवं तर. आधी दिवस कळव. हरिबा थांबेल.

वत्सलाक्का


सांगली
२२ एप्रिल १९७४

ती. अक्का,

हरिबाला मी थांबू दिलं नाही. उत्तर तेव्हाच लिहिता आलं नाही. नाथाजीचं वाचून तोंड कडू झालं. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे असं मी मानतो.

मी नाही म्हणत नाही, एवढं आधी वाच. पण माझी अडचण समजून घे. तीन महिन्यांच्या पुढे दोन डॉक्टरांचं मत लागतं. माझ्याबरोबर जे मत देतात ते सध्या पाचगणीला आहेत, मुलांना शाळेतून आणायला गेलेत, तिथेच थोडे राहतील. दुसऱ्या कुणाला विचारलं तर तो सांगलीभर बोलेल. आणि माझ्याच अक्षरात केसपेपरवर पाच महिने उलटल्याचं लिहिलेलं आहे. आठवड्याभरात मीच चार महिने लिहिले, तर उद्या कुणीही म्हणेल, डॉक्टर यादवांनी तारखा फिरवल्या. परवानगी तर जाईलच, मी तुरुंगात जाईन.

जबरदस्तीचं कलम आहे, मान्य. पोलिसात तक्रार हवी असं त्यात लिहिलेलं नाही, तेही मान्य. पण नुसत्या तुझ्या पत्रावर मी ते कसं लिहू? साळूबाईने माझ्यासमोर बसून, स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. मी तिला विचारलं होतं तेव्हा ती गप्प बसली होती. ती बोलली असती तर त्याच दिवशी मी काहीतरी केलं असतं.

थोडा धीर धर. पाचगणीहून ते आले की मी तार करतो. अजून वेळ आहे, चौथाच महिना आहे असं तूच म्हणतेस. तोवर तिला धीर दे.

तुझा,
बापू

ता. क. तुझं पत्र जाळलं.


वडूज
६ मे १९७४

बापू,

तुझी तार काल आली. साळू त्याच्या आदल्या दिवशी गेली.

काय झालं ते सांगते, कारण तुला कळायलाच हवं. तुझं पत्र हातात घेऊन मी तिच्या माहेरी गेले होते. परड्यात बसवून तिला सांगितलं, दुसरे डॉक्टर परगावी आहेत, आले की लगेच जायचं, मी बरोबर असेन. तिने मान हलवली. मला वाटलं समजली. तिला इतकंच समजलं, की तू दुसऱ्यांदा नाही म्हणालास.

मी परतल्यावर कुणीतरी तिला एरंडाची काडी घातली. गर्भ पडला. अंगावरून जात राहिलं, ताप आला, तो बाळंतज्वरासारखा अंगातच जिरवायला बघितलं. मग जबडा धरला. तिच्या बापाने बैलगाडीत घालून माझ्याकडे आणली तेव्हा पाठ वाकायला लागली होती. धनुर्वात, बापू. मी इंजेक्शनं दिली, खिडक्यांना कांबळी लावून अंधार केला, साताऱ्याला न्यायला जीप शोधायला हरिबाला पिटाळलं. नाथाजीचीच जीप तेवढी गावात होती, आणि हरिबा तीच घेऊन आला. साळूने ती दारातून बघितली आणि तिला जे झटके सुरू झाले ते थांबले नाहीत. त्याच जीपमधून मग तिला सासरी नेलं.

दातखीळ पुरती बसायच्या आधी ती माझ्याशी बोलली. दाताआडून, तोंड न हलवता. मी तिला म्हणाले, पोरी, सांगलीला डॉक्टरांना एका शब्दाने तरी सांगायचं होतंस. तर म्हणाली, "त्यांस्नी कळलं हुतं. पोटावर हात ठेवला आन् थांबलं. मला वाटलं, आता इच्यारत्याल. मी त्वांड उघडलं बी हुतं. तर त्यांनी आत्याबाईकडं बगितलं."

एवढंच म्हणाली. मी त्यात काही घातलेलं नाही आणि काढलेलंही नाही.

मृत्यूच्या कागदावर मी धनुर्वात लिहिलं. ते खरं आहे. पायात खिळा गेला, असं दोन्ही घरांनी गावात सांगितलंय. मी गप्प बसले. मला तुझा राग आला आहे आणि तो लिहून संपणार नाही. मला माझाही राग आला आहे. वीस वर्षं मी बायांना या कामासाठी दारातून परत पाठवत आले, पण त्या पुढे कुठे जात होत्या हे मी कधी विचारलं नाही.

वत्सला


सांगली
२ जून १९७४

ती. अक्का,

तू मला लिहिणार नाहीस हे मला कळतंय. मी चार पत्रं लिहून फाडली. हे पाठवतो, कारण यात माझ्या मनाच्या गोष्टींपेक्षा महत्त्वाचं काही आहे.

परवा सकाळी बाह्यरुग्णांची गर्दी चालू होती. दारात एक उंच माणूस उभा राहिला, डोकं भादरलेलं, अंगावर फौजेचा शर्ट. नाव सांगितलं आकाराम. मला वाटलं, याला कळलंय, आता हा मला मारणार. मी बायांना बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. अक्का, त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो आत आला आणि टाचा जुळवून त्याने मला सलाम केला. म्हणाला, "डॉक्टरसाब, आईनं समदं सांगितलं. वडूजच्या बाईनं माझं पोर मारायला धाडलं हुतं आन् तुमी न्हाई म्हनालासा. बायकू गेली, पोर बी तिच्यासंगं गेलं, त्ये माज्या नशिबानं. पर तुमी माझ्या पोराला हात लावला न्हाई, ह्ये मी मरस्तवर इसरनार न्हाई."

मग त्याने खाली मान घालून विचारलं, पोटात मुलगा होता का मुलगी हे डॉक्टरला कळतं का. मी म्हणालो, कळत नाही. तेवढंच मी बोललो. त्याने पिशवीतून फौजेच्या कँटीनची बाटली काढून टेबलावर ठेवली. मी ती घेतली.

खिडकीतून बाहेर दिसत होतं. त्याच बाकावर नाथाजी बसला होता. आकाराम गेल्यावर तो आत आला, नमस्कार केला आणि सांगितलं, की भाऊ फार खचलाय, एकट्याला ठेवणं बरं नव्हे, म्हणून साळूची धाकटी बहीण हौसा हिच्याशी त्याचं लग्न ठरवलंय. पंधरा दिवसांत उरकून घ्यायचं आहे, भावाला परत रुजू व्हायचं आहे. सोयरीक तुटू नये असं दोन्हीकडच्या थोरांचं मत पडलं. मला आमंत्रण दिलं. मुलगी सतरा-अठराची, धडधाकट आहे, असं म्हणाला. धडधाकट हा शब्द त्याने मला, डॉक्टरला, सांगितला.

अक्का, तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. मी कायद्याचं पुस्तक पुन्हा काढलं. बाईची गोष्ट बाहेर फोडायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे मी आकारामला सांगू शकत नाही. आणि सांगितलं तर तो भावाचा मुडदा पाडील आणि फासावर जाईल. नाही सांगितलं तर त्या घरात दुसरी पोर जाते. मी असा पुस्तकात तोंड घालून बसलोय हे वाचून तू चिडशील. मला दुसरं काही येत नाही, ते तूच मला सांग. एकदा मी तुझं ऐकलं नाही. आता तू सांगशील ते करतो.

तुझा,
बापू


वडूज
१६ जून १९७४

बापू,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी साळूच्या माहेरी गेले. तिच्या आईला, अंबूबाईला, म्हटलं, शेणकुटं थापायची राहू दे, हात धू आणि माझ्यासमोर बस. साळूची शपथ मी एकदा तुझ्यापाशी मोडली होती, आता तिच्या आईपाशी मोडायला काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. नाथाजीचं नाव घेतलं. हौसाला त्या घरात देऊ नको, म्हणाले, मी तिला माझ्याकडे ठेवते, शिकवते, नर्स करते, तिचं पुढचं मी बघते.

अंबूबाई रडली नाही. इकडे तिकडे बघून म्हणाली, "ठावं हाय मला, बाई. साळूनं आल्या आल्या सांगितलं हुतं. सुईन मीच बलावली. मीच तिचं हात धरलं हुतं."

मग तिने तिचं मला समजावून सांगितलं, मीच अडाणी असल्यासारखं. सोयरीक मोडली तर लोक कारण विचारणार. कारण सांगायचं तर मेलेल्या पोरीला गावात नागवी करायची. कारण नाही सांगायचं तर हौसात खोट आहे म्हणणार, आणि तिला दुसरीकडून कोण मागणार. तिच्या नवऱ्याला यातलं काही माहीत नाही आणि कळलं तर तो आधी अंबूबाईलाच तोडील. मी म्हणाले, अगं पण हौसाचं काय. तर म्हणते, "धाकटी तोंडाळ हाय. साळूवानी गप बसनारी न्हाई. तिच्या वाट्याला कोन जानार न्हाई." असं म्हणाली आणि पुन्हा शेणात हात घातले. ती वाईट बाई नाही, बापू. तिच्याकडे दोनच पोरी होत्या आणि दोन्हींसाठी एकच दार उघडं होतं, असं तिला वाटतं.

तरी मी सोडलं नाही. आकारामला गाठलं. मी त्याचं पोर मारायला निघाले होते असं तो समजतो, तेव्हा माझं तोंडही बघायला तयार नव्हता. मी दारातच उभी राहून बोलले. म्हणाले, मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण या खेपेला बायकोला इथे ठेवू नको. पलटणीत बिऱ्हाड मिळतं, तिथे घेऊन जा. त्याने ऐकून घेतलं, तेवढा भला आहे. म्हणाला, आई म्हातारी आहे, तिला करायला कोण, रान कोण बघणार. आणि मग म्हणाला, "घरी दादा हाय न्हवं. मला कसली काळजी न्हाई."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. ओसरीत नाथाजी बैलांना कडबा टाकत होता आणि माझ्याकडे बघत होता. मला भीती वाटली, ते कबूल करते, पण नाथाजीची नाही. हा भोळा माणूस आत जाऊन विळा घेऊन येईल आणि मग मेलेल्या साळूची, जिवंत हौसाची, दोघींची गोष्ट चावडीवर होईल, याची भीती वाटली. मी परत आले. तुझ्या पुस्तकात जे लिहिलंय तेच मी केलं, पुस्तक न वाचता.

शुक्रवारी लग्न झालं. मी गेले होते. न बोलावता गेले आणि कुणी हाकललं नाही. हौसा खरंच तोंडाळ आहे, हळद लावणाऱ्या बायकांना उलट बोलत होती, हसत होती. न्हाणीघराशी ती मला एकटी सापडली. मी तिला सांगितलं, त्या घरात तुला कधीही, कशाचाही त्रास झाला, तर आईकडे जाऊ नको, सांगलीला जाऊ नको, सरळ माझ्याकडे ये. कसला त्रास, असं तिने विचारलं. मी म्हणाले, कसलाही. तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिचं हसू गेलं. तिला कळलं का काय कळलं, मला ठाऊक नाही. तोवर तिला बोलावणं आलं.

तू म्हणालास मी सांगेन ते करशील. तर ऐक. पुढच्या सोमवारी मी सांगलीला येते आणि राहते. हे काम करायला डॉक्टरला किती केसेस बघाव्या लागतात, कुणाची शिफारस लागते, कसली खोली, कसली अवजारं, ते सगळं तू बघ आणि माझ्या दवाखान्याला परवानगी मिळवून दे. जोडे झिजवायची तुला सवय आहे. परवानगी यायला वेळ लागला तर मी थांबणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. मी अजूनही याला पाप मानते. माझ्या वयाला मत बदलत नाही आणि ते बदलावं म्हणून मी येतही नाही. पण माझं पाप मी माझ्या हाताने करीन, दुसऱ्या कुणी ते एरंडाच्या काडीने करायची मी वाट बघणार नाही.

तू मला शस्त्र धरायला शिकव. सासूला खोलीबाहेर कसं काढायचं आणि बाईने तोंड उघडलं तर तिच्याकडेच कसं बघायचं, ते मी तुला शिकवते.

मामांना काही सांगू नकोस. खोली तयार ठेव. घाई यासाठी करते, की आकारामची गाडी बुधवारी आहे आणि हौसा त्या घरात नांदायला लागली आहे.

वत्सलाक्का